यूएस ओपन पूल बघायला जाताना: दिवस, जागा आणि नजर

पूलची मॅच टीव्हीवर बघताना निम्मा खेळ निसटतो. कॅमेरा बॉलमागे धावतो. खेळाडू मात्र त्याआधीच टेबलाला फेरी मारून आलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या बॉलपाशी वाकून पॉकेटकडची वाट मोकळी आहे का हे त्याने बघितलेलं असतं, आणि पांढरा बॉल कुठे थांबवायचा हे ठरल्यावरच तो क्यू (खेळायची काठी) टेबलावर टेकवतो. हॉलमध्ये बसलं की हे सगळं दिसतं, पण त्यासाठी दिवस आणि टेबल नीट निवडावं लागतं. बहुतेक जण फायनलचं तिकीट काढतात, लांबून एक मॅच बघतात आणि घरी येतात. त्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवसांत चार-पाच फुटांवरून जगातले उत्तम खेळाडू सलग बारा तास बघता येतात. आमचं मत त्यामुळे पक्कं आहे: एकच दिवस जमणार असेल तर फायनल सोडा, बुधवार किंवा गुरुवार धरा.

हे सगळं यूएस ओपन पूल चॅम्पियनशिपला धरून लिहिलं आहे. बॅरी बेहरमन यांनी १९७६ मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये ही स्पर्धा सुरू केली. २०१९ पासून ती मॅचरूम ही ब्रिटिश कंपनी भरवते. त्या वर्षी ती लास वेगासला झाली आणि २०२१ पासून न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत, हॅराज रिसॉर्टमध्ये आली. एडिसन, जर्सी सिटी, फिलाडेल्फिया या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना ती गाडीने दोन तासांच्या आत-बाहेर पडते. जागा आणि तारखा मात्र दर वर्षी नव्याने जाहीर होतात, तेव्हा हॉटेल घेण्याआधी त्या वर्षीची घोषणा वाचा.

स्पर्धेची रचना आधी समजून घ्या

साधारण २५६ खेळाडू असतात आणि खेळ नाइन-बॉल. स्पर्धा सहसा सोमवारी सुरू होऊन शनिवारी संपते. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाला एक पराभव माफ असतो: पहिली मॅच हरलेला खेळाडू पराभूतांच्या बाजूला जातो आणि तिथे पुन्हा हरला की घरी. यातून ६४ जण उरतात. त्यानंतर थेट बाद फेरी, हरला की संपलं.

मॅच ‘रेस’ पद्धतीची असते, म्हणजे ठरलेले रॅक (नऊ बॉलचा एक डाव म्हणजे एक रॅक) आधी जिंकणारा विजयी. सुरुवातीच्या फेऱ्यांत ही रेस ९च्या आसपास असते, फायनलला १३. रेस टू ९ मॅचला दीड ते दोन तास धरा. दोघेही सेफ्टी (बॉल पाडण्याऐवजी समोरच्याला अडचणीत टाकणारा फटका) खेळणारे असतील तर अडीच तासही जातात, आणि मग त्या टेबलावरच्या पुढच्या सगळ्या मॅच मागे सरकतात.

आम्ही बुधवार-गुरुवार सांगतो त्याचं कारण या रचनेतच आहे. शेवटच्या ६४मध्ये जाण्यासाठीच्या मॅच या सुमारास येतात, आणि त्यातल्या पराभूतांच्या बाजूच्या मॅच तर बघाव्याच. दोघांनाही दुसरी संधी नसते. एखादा माजी विजेता कोपऱ्यातल्या टेबलावर, वीस-तीस प्रेक्षकांसमोर, ८-८ अशा स्थितीत शेवटच्या रॅकचा ब्रेक (बॉल फोडणारा पहिला फटका) करतो. प्रवासाचा खर्च खिशातून करून आलेला, फारसं नाव नसलेला खेळाडू समोर असतो. त्या रॅकमधला ताण फायनलपेक्षा तसूभरही कमी नसतो, आणि तुम्ही तो हाताच्या अंतरावरून बघता. गुरुवारी ६४ची बाद फेरी लागली की दर्जा आणखी चढतो आणि टेबलं अजून बरीच चालू असतात. शुक्रवारनंतर टेबलं कमी होत जातात आणि शनिवारी एकच उरतं.

तिकीट काढताना काय वाचायचं

स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच तिकीट घ्या. तीन गोष्टी नीट वाचा. पहिली: तिकीट पूर्ण दिवसाचं आहे की एका सत्राचं? दुसरी: मुख्य टेबलाभोवतीच्या अरीनात आसन राखीव आहे, की फक्त बाहेरच्या टेबलांपाशी प्रवेश आहे? तिसरी: वयाची अट. अरीनाचं तिकीट नसताना आवडत्या खेळाडूची मॅच मुख्य टेबलावर लागली, की पडद्यावर बघण्याखेरीज उपाय नसतो. त्याची आधीची मॅच बाहेरच्या टेबलावर असेल तर तीच गाठा.

सर्वांत आधी विकली जातात ती अरीनातली पुढची आसनं, पण पूल बघायला ती सर्वोत्तम नाहीत. अगदी खालून बघितलं तर बॉल एकामागे एक झाकले जातात आणि टेबलाची लांबी कळत नाही. टेबलाच्या लांब बाजूला, चौथ्या-पाचव्या रांगेनंतरचं थोडं उंच आसन मिळालं तर पांढऱ्या बॉलचा पूर्ण प्रवास दिसतो. उंचावर बसणार असाल तर ८ पट क्षमतेची छोटी दुर्बीण सोबत असू द्या. क्यूचं टोक पांढऱ्या बॉलच्या कुठल्या भागाला लागतं आहे हे तिच्यातून ओळखू येतं.

पोहोचायचं कसं

एडिसनहून अंतर सुमारे १०० मैल. गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला, एक्झिट ३८ला अटलांटिक सिटी एक्सप्रेसवे, आणि शहरात शिरताना मरीनाकडे जाणारा बोगद्याचा रस्ता. हॅराज समुद्रकाठच्या बोर्डवॉकवर नाही, खाडीच्या बाजूला मरीना भागात आहे. ‘बोर्डवॉकजवळ’ म्हणून हॉटेल घेतलं तर रोज गाडीने ये-जा करावी लागेल. स्पर्धा ऑगस्टमध्ये असली तर शुक्रवारी दुपारी पार्कवेवर समुद्रकिनारी निघालेल्या गाड्यांची रांग लागते, म्हणून त्या दिवशी सकाळीच निघालेलं बरं.

गाडी नसेल तर फिलाडेल्फियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवरून एनजे ट्रान्झिटची अटलांटिक सिटी रेल्वे आहे, दीड तासाहून थोडा जास्त वेळ घेते. न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटीवरून ३१९ क्रमांकाची बस आहे. स्टेशनपासून मरीनाला चालत जाऊ नका. जिटनी नावाच्या छोट्या बस शहरभर फिरतात, किंवा टॅक्सी घ्या.

स्वतःचा क्यू विमानाने आणणार असाल तर तो चेक-इन सामानातच टाका. अमेरिकेत केबिनमध्ये क्यू नेता येत नाही, आणि सुरक्षा तपासणीला तो अडकला की परत जाऊन सामानात टाकण्याइतका वेळ हातात नसतो.

हॅराज हे कॅसिनो-हॉटेल आहे. कॅसिनोच्या जागेत २१ वर्षांखालच्यांना थांबता येत नाही, म्हणून मुलांना घेऊन जाताना कॉन्फरन्स सेंटरकडे जाणारा बाजूचा रस्ता स्वागतकक्षात विचारून घ्या. मोठ्यांनीही छायाचित्र असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. कॅसिनोच्या काही भागात धूम्रपानाला परवानगी आहे. दमा असेल तर खोली त्या भागापासून दूर मागा.

पिशवीत काय असावं

बाहेर ऑगस्टचा उकाडा असला तरी आत वातानुकूलन कडक असतं. कापड आणि बॉल कोरडे राहावेत म्हणून ते तसंच ठेवतात. स्वेटर किंवा जाड शाल न्याच. खुर्च्या साध्या, दिवस बारा तासांचा, तेव्हा पातळ उशी असेल तर चौथ्या मॅचनंतर तिची किंमत कळते. पॉवर बँक, वही-पेन, पाण्याची बाटली (आत चालते का ते नियमांत बघा). मोठी पिशवी टाळा, दारावर तपासणी असते.

खाण्याचं आधी ठरवा. बाहेरचे पदार्थ सहसा आत नेता येत नाहीत, हॉटेलातलं खाणं महाग आणि शाकाहारी पर्याय थोडे. थालीपीठ-चटणी, दशम्या, फळं गाडीत किंवा खोलीवर ठेवा आणि दोन मॅचच्या मधल्या वेळात जाऊन खाऊन या. सगळा हॉल साडेबारा-एकला जेवायला उठतो. त्या वेळी बसून राहिलात तर चांगल्या टेबलापाशी पुढची खुर्ची मिळते, जेवण अडीचला.

कपड्यांबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. बाहेरच्या टेबलांपाशी पुढे बसणार असाल तर गडद रंगाचे साधे कपडे घाला. खेळाडू वाकला की त्याची नजर पांढऱ्या बॉलवरून लक्ष्याच्या बॉलवर आणि तिथून पॉकेटवर जाते. पॉकेटमागे पांढरा शर्ट हलला तर तो त्याच्या नजरेच्या कडेला टोचतो.

हॉलमध्ये शिरल्यावर

पहिली वीस मिनिटं बसू नका. एक पूर्ण फेरी मारा. टेबलांचे क्रमांक, मुख्य अरीना, सरावाची टेबलं, स्वच्छतागृहं, विक्रीचे स्टॉल कुठे आहेत ते बघून घ्या. मग स्पर्धेच्या संकेतस्थळावरचा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) उघडा. तिथे मॅच, टेबल क्रमांक आणि चालू गुण दिसतात. वेळापत्रकातली वेळ म्हणजे ‘याआधी नाही’ इतकंच समजा.

सरावाची टेबलं बघायला विसरू नका. मॅचच्या आधी बरेच खेळाडू दहा-पंधरा मिनिटं फक्त ब्रेक मारतात किंवा एकच लांब सरळ पॉट (बॉल पॉकेटात पाडायचा फटका) पुन्हा पुन्हा खेळतात. नव्या कापडावर बॉल किती घसरतो आणि कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडेवरून) किती लांब जातो याचा ते अंदाज घेत असतात. मॅचमध्ये पहिल्या दोन-तीन रॅकमध्ये पांढरा बॉल जास्त पुढे पळताना दिसला तर कारण बहुधा हेच.

बाहेरच्या टेबलांपाशी खेळाडूंसाठी दोन खुर्च्या असतात. त्यांच्यावर बसू नका, तिथे पिशवीही ठेवू नका. तुम्ही बसा ते टेबलाच्या लांब बाजूला, मधल्या पॉकेटच्या थोडं पुढे-मागे. ब्रेक बघायचा असेल तर ब्रेक मारणाऱ्याच्या मागच्या बाजूला, जरा तिरकं उभं राहा. दोन टेबलांच्या मधली खुर्ची मिळाली तर दोन मॅच एकाच वेळी बघता येतात. सुरुवातीला गोंधळ होतो. मग कळतं की एका टेबलावर रॅक लागत असताना दुसऱ्यावर खेळ चालू असतो, आणि डोळे आपोआप फिरायला लागतात.

नियम, स्नूकर बघणाऱ्यांच्या सोयीने

आपल्याकडे क्यूचे खेळ म्हणजे आधी बिलियर्ड्स आणि स्नूकर. विल्सन जोन्स पुण्याचे. १९५८ मध्ये ते बिलियर्ड्सचे हौशी जागतिक विजेते झाले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातला. पूल पार्लरमध्ये आपण खेळतो तो बहुतेक एट-बॉल, लहान टेबलावर. नाइन-बॉलची गंमत वेगळी आहे, तेव्हा थोडक्यात नियम.

टेबल ९ फुटी, खेळाची जागा १०० × ५० इंच. बॉल सव्वादोन इंच व्यासाचे, स्नूकरच्या बॉलपेक्षा मोठे. १ ते ९ क्रमांकाचे बॉल हिऱ्याच्या आकारात लावतात, १ पुढे, ९ मध्यभागी. पांढरा बॉल आधी टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉललाच लागला पाहिजे. त्यानंतर कुठलाही बॉल पडला तर चालतो, आणि ९ कायदेशीर पडला की रॅक जिंकला, मग टेबलावर आठ बॉल उरले असले तरी. म्हणून १ला मारून ९ पाडण्याचा प्रयत्न सुरुवातीलाच होतो तेव्हा ती चूक समजू नका. काहीच पडलं नाही तर कुठल्यातरी बॉलने कुशन गाठलीच पाहिजे, नाही तर फाउल. फाउलवर प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. या दर्जाच्या खेळाडूला तो हातात मिळाला की रॅक बहुतेक वेळा गेलाच. सलग तीन फाउल केले तर रॅक हरतो. दुसऱ्या फाउलनंतर तशी सूचना द्यावी लागते, ती ऐका.

ब्रेकनंतरच्या पहिल्याच फटक्याला ‘पुश आउट’ घेता येतो. खेळाडू तसं जाहीर करतो आणि पांढरा बॉल कुठेही ढकलतो, कशाला लागला नाही तरी फाउल नाही. मग समोरच्याने ठरवायचं: मी खेळतो की तूच खेळ. नवखे प्रेक्षक इथे हमखास गोंधळतात, कारण हा फटका दिसायला निरर्थक असतो. खरं तर ती पैज असते: हा अवघड फटका मला तुझ्यापेक्षा चांगला जमतो. दोघांपैकी कोण जंप क्यूत (पांढरा बॉल उडवायच्या आखूड क्यूत) तरबेज आहे, कोण बँक (बॉल कुशनवर आपटून पाडणं) चांगली खेळतो, हे पुश आउटच्या जागेवरून कळतं.

मॅचरूमच्या स्पर्धांमध्ये पॉकेट सुमारे ४ इंचांची असतात. हिशेब करून बघा: दोन बॉल शेजारी ठेवले तर साडेचार इंच होतात, म्हणजे एका वेळी दोन बॉल पॉकेटच्या तोंडात मावत नाहीत. सैल पॉकेटात कड घासूनही बॉल आत जातो, इथे तो दोन्ही कडांवर थरथरतो आणि बाहेर थांबतो. अशी चूक बघून ‘इतकं सोपं कसं चुकलं’ म्हणू नका. कुशनला चिकटून जाणारा बॉल जोरात मारला की या पॉकेटात जवळजवळ जातच नाही. म्हणून कसलेले खेळाडू तिथे हळू मारतात आणि त्यासाठी पांढऱ्या बॉलची सोयीची जागाही सोडून देतात.

मुख्य टेबलावर फटक्यासाठी सहसा ३० सेकंदांचं घड्याळ असतं आणि रॅकमागे एक वाढीव वेळ. ती कोण आणि कधी मागतो हे टिपा. पहिल्याच दोन बॉलवर मागितली तर पुढचं चित्र त्याला दिसत नाहीये.

नेमकं काय बघायचं

मॅचची सुरुवात लॅगने होते: दोघे एकाच वेळी बॉल समोरच्या कुशनला मारून परत आणतात, ज्याचा बॉल आपल्या बाजूच्या कुशनच्या जवळ थांबतो तो पहिला ब्रेक घेतो. इथेच कळतं की कापडाचा वेग कोणाला आधी उमगला आहे.

ब्रेकवर बॉल किती पडले एवढंच मोजून थांबू नका. मॅचरूमच्या स्पर्धांत रॅक असा लावतात की ९ बॉल टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर येतो. नेहमीच्या पद्धतीत १ खुणेवर असतो आणि बाजूचा बॉल सरळ कोपऱ्याच्या पॉकेटात जाण्याची शक्यता मोठी असते. रॅक वर सरकवला की ती सोय जाते, आणि खेळाडू १ बॉल मधल्या पॉकेटात पाडायचा प्रयत्न करतात. ब्रेक कुठून मारायचा तेही चौकट आखून बांधून दिलेलं असतं. तेव्हा ब्रेक झाल्यावर तीन प्रश्न विचारा: पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर थांबला का? सर्वांत लहान क्रमांकाचा बॉल दिसतो का? दोन बॉल एकमेकांना चिकटून राहिलेत का? तिन्ही उत्तरं चांगली असतील तर नऊपर्यंत सगळं एकाच हातून जाण्याची शक्यता मोठी.

आता मुख्य सराव. खेळाडू वाकण्याआधी तुम्ही तीन बॉल बघा: आत्ताचा, पुढचा आणि त्याच्या पुढचा. मग मनात एक बिंदू ठरवा, पांढरा बॉल तिथे थांबला पाहिजे. फटका झाल्यावर तो कुठे थांबला ते ताडून बघा. सुरुवातीला तुमचा बिंदू खूपदा चुकेल आणि त्याचं कारण बहुधा एकच असेल: तुम्ही बॉलच्या जवळ जागा शोधता, खेळाडू कोनाच्या योग्य बाजूला शोधतो. पुढच्या बॉलला अगदी सरळ रेषेत आला तर पांढरा बॉल पुढे-मागेच नेता येतो, आडवा नाही. थोडा कोन हवाच, आणि तो कुठल्या बाजूला हवा हे तिसऱ्या बॉलवरून ठरतं. एक दिवस हा खेळ मनात खेळलात की पुढच्या वेळी टेबलावर तुमचा स्वतःचा खेळही बदललेला असेल.

पांढऱ्या बॉलची दिशा ओळखायला दोन खुणा पुरतात. धडकेच्या क्षणी तो नुसता घसरत असेल, वर-खाली फिरकी नसेल, तर लक्ष्याच्या बॉलच्या दिशेशी काटकोन करून निघतो. सहज लोळत आलेला असेल आणि बॉल साधारण अर्धा झाकला जाईल असा लागला, तर आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. बाकी सगळी कसरत या दोन्हींत फिरकी मिसळण्याची.

सेफ्टीच्या वेळी प्रेक्षक मोबाइल काढतात. काढू नका, रॅकचा निकाल तिथेच लागत असतो. चांगल्या सेफ्टीत दोन्ही बॉल दोन टोकांना जातात आणि मधे भिंत उभी राहते. उत्तर देणारा खेळाडू कुशनवर क्यू टेकवून मोजमाप करतो, कधी दोन-तीन कुशन लावून बॉल गाठतो. नुसता गाठला तर टाळी वाजवा. गाठून परत सेफ्टी लावली तर उभं राहून वाजवा. एफ्रेन रेयेस यांनी १९९४ मध्ये ही स्पर्धा जिंकली, अमेरिकेबाहेरचे पहिले विजेते म्हणून. लोक त्यांची नावाजणी आजही करतात ती अशाच सुटकांसाठी.

वहीत रॅकला एक ओळ पुरते: ब्रेक कोणाचा, त्यावर किती पडले, पहिली चूक कुठली (पॉट चुकला, जागा चुकली, फाउल, की सेफ्टीत हरला), रॅक कोणाचा. मॅचअखेर ओळी वाचल्या की ९-४ हा निकाल कशाने लागला ते दिसतं. पॉट चुकण्यापेक्षा जागा चुकण्याच्या नोंदी जास्त निघतात. ब्रेक आलटून-पालटून आहे की जिंकणाऱ्याकडेच राहतो हे आधी विचारून घ्या. जिंकणाऱ्याकडे राहत असेल तर २-७ वरूनही सामना फिरतो, म्हणून मागे पडलेल्या खेळाडूचं टेबल सोडून जाऊ नका.

वागायचं कसं

खेळाडू वाकला की तुम्ही थांबा. चालत असाल तर तिथेच, उठत असाल तर अर्धवट. आवाजाचा त्रास त्यांना तितका होत नाही, कारण हॉलमध्ये सतत बॉल आपटत असतात. त्रास होतो तो हालचालीचा. जागा बदलायची ती रॅक लावताना. फोन बंद किंवा मूक, फ्लॅश कायमचा बंद. काही फोन कमी प्रकाशात आपोआप दिवा लावतात, ती सोय आधीच काढून टाका. छोटं चित्रण सहसा चालतं, मॅचचं थेट प्रक्षेपण नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर टाळी नाही. बाहेरच्या टेबलांवर बहुतेक वेळा प्रत्येकाला स्वतंत्र रेफरी नसतो, खेळाडू गरज पडल्यास बोलावतात. तुम्हाला फाउल दिसला तरी गप्प राहा. ‘लागला नाही!’ असं ओरडलात तर वाद सुरू होतो आणि खेळाडूलाच बाहेरून मदत घेतल्याचा दोष येऊ शकतो. मराठीत पुटपुटलं तरी बोटाने दाखवलेलं सगळ्यांनाच कळतं.

मॉस्कोनी कपला हे लागू नाही. युरोप विरुद्ध अमेरिका असा १९९४ पासून चालणारा तो सांघिक सामना आहे आणि तिथे गाणी, ढोल, घोषणा अपेक्षितच असतात. तो बघून यूएस ओपनला येणारे पहिल्या दिवशी चुकतात.

स्वाक्षरी मॅच संपल्यावर मागा, मॅचच्या मधल्या विश्रांतीत नाही. हरलेल्या खेळाडूला क्यू पिशवीत भरून हॉलबाहेर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी भेटला तर आनंदाने देईल. बॉलवर स्वाक्षरी हवी असेल तर स्वतःचा बॉल आणि बारीक टोकाचा कायमस्वरूपी मार्कर आणा. बॉल गुळगुळीत असल्याने शाई मिनिटभर ओली राहते, लगेच खिशात टाकलात तर पुसली जाते. शेन व्हॅन बोनिंग यांना ऐकू कमी येतं आणि ते श्रवणयंत्र वापरतात. पाच वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या या खेळाडूला मागून हाक मारून उत्तर आलं नाही तर गैरसमज करून घेऊ नका, समोर येऊन बोला.

स्टॉलवर क्यू बघताना चॉक लावण्याआधी आणि जोड फिरवण्याआधी विचारा. शेवटच्या दिवशी विक्रेते सामान परत नेण्यापेक्षा किंमत कमी करतात. मात्र हव्या त्या वजनाचा क्यू तोवर उरेलच असं नाही. १९ औंसाच्या आसपासचे लवकर जातात.

फायनलला राहणार असाल तर खोली रविवारपर्यंत घ्या. मॅच लांबली तर बक्षीस समारंभ रात्री उशिरा संपतो, आणि फिलाडेल्फियाची पुढची गाडी तासन्‌तास नसते. भारतात जागून बघणाऱ्या घरच्यांना वेळ कळवताना ऑगस्टमधला फरक साडेनऊ तासांचा धरा: तिथली संध्याकाळी ७ची मॅच म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार.